सनदेसाठी बोरमाळ तारण ठेवू नकोस

आदरणीय वकीलबाई,

मी खटाव तालुक्यातल्या एका गावची. वय ३१. लग्नानंतर साताऱ्याला राहून तीन वर्षांचं एलएल.बी. केलं, फर्स्ट क्लास मिळाला. परीक्षा झाल्यावर वडूजला एका पतसंस्थेत क्लार्क म्हणून लागले. पगार बेताचा आहे, पण महिन्याच्या महिन्याला हातात येतो. यजमानांचा टेम्पो आहे, भाडं कधी असतं कधी नसतं. मुलगी दुसरीत आहे.

आता सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना, काढायची आहे. कोर्टाच्या आवारात बसणारे एक गृहस्थ म्हणाले, "सगळं मिळून २५ हजार द्या, मुंबईला न जाता सनद हातात." शिवाय सनद दरवर्षी रिन्यू करावी लागते, पाच वर्षांनी पुन्हा मोठी फी असते, असंही म्हणाले. यजमानांनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला, त्यातही वकील दरवर्षी लायसनची फी भरतात असं सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं, कमाईचा पत्ता नाही आणि दरवर्षी भरत बसायचं, तर कशाला हा उपद्व्याप? सासूबाई मात्र स्वतःची बोरमाळ तारण ठेवायला निघाल्यात. तारण ठेवू का? नोकरी सांभाळून कोर्ट करता येईल का? आणि कोट, गाऊन लगेच शिवावा लागतो का?

एक वाचक, खटाव तालुका

---

वयाने तू माझ्या लेकीएवढी, म्हणून अगं-तुगं करते.

आधी सासूबाईंना सांग, बोरमाळ कपाटात ठेवा. सनदेसाठी सोनं बाहेर काढायची काहीही गरज नाही. सून वकील व्हावी म्हणून अंगावरचं सोनं द्यायला निघालेली सासू ज्या घरात आहे, त्या घराचं बळ मोठं आहे. ते बळ २५ हजार मागणाऱ्या माणसाच्या खिशात जाऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र जरा लांबवून लिहिते.

सनदेची फी कोणाच्या मर्जीवर नाही. ती कायद्यात लिहिलेली आहे. अधिवक्ता अधिनियम १९६१, कलम २४(१)(एफ). राज्याच्या बार कौन्सिलला, म्हणजे वकिलांची नोंदणी करून त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेला, ६०० रुपये आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला १५० रुपये, एकूण ७५०. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १०० आणि २५, म्हणजे १२५ रुपये. मुद्रांक शुल्क लागू असेल ते वेगळं. हे आकडे १९९३ च्या दुरुस्तीपासून तेच आहेत.

मग २५ हजार आले कुठून? ते गृहस्थ सगळंच हवेतून बोलत नाहीत, हेही तुला कळायला हवं. कित्येक वर्षं देशभरातल्या बार कौन्सिलांनी या ७५० रुपयांच्या वर नाना तऱ्हेची हेडं लावली होती. लायब्ररी फंड, ओळखपत्र, प्रोसेसिंग, प्रशिक्षण, कल्याण निधी, इमारत निधी. राज्याराज्यांत मिळून हा आकडा १५ हजारांपासून ४२ हजारांपर्यंत गेला होता. गावाकडून आलेल्या, घरात पहिल्यांदाच वकील होणाऱ्या पोरापोरींनी कर्ज काढून ते भरले. हे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला यांनी निकाल दिला: कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा एक रुपयाही जास्त एनरोलमेंटसाठी, म्हणजे वकील म्हणून नाव नोंदवायला, घेता येणार नाही. वेगळ्या नावाने घेतला तरी तो एनरोलमेंटचाच पैसा. आकडा कमी वाटत असेल तर तो बदलायचं काम संसदेचं आहे, कौन्सिलचं नाही.

निकालात समतेचा आणि व्यवसायाच्या स्वातंत्र्याचा मुद्दा आहे, राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ आणि १९(१)(जी) चा. पैशाअभावी ज्यांना या दारातून आत येताच येत नाही, त्यांना व्यवसायाचं स्वातंत्र्य आहे असं म्हणण्याला अर्थ काय, असा त्याचा मथितार्थ. निकालाच्या आधी ज्यांनी जास्त पैसे भरले त्यांना परतावा मिळाला नाही, कारण तो निकाल पुढच्या काळासाठी होता. तू मात्र त्या तारखेनंतरची आहेस, तुला तो पूर्ण लागू आहे.

तरी काही ठिकाणी "ऐच्छिक" म्हणून पैसे घेणं चालूच राहिलं. कर्नाटकच्या बार कौन्सिलबाबत तक्रार पुन्हा सुप्रीम कोर्टात गेली आणि ४ ऑगस्ट २०२५ ला कोर्टाने स्पष्ट सांगितलं की ऐच्छिक असं काही नसतं, ऐच्छिक म्हणूनही जास्तीची रक्कम घ्यायची नाही. तेव्हा फॉर्म भरताना एखादं जास्तीचं हेड दिसलं, तर त्याचा स्क्रीनशॉट काढ, या दोन निकालांचा हवाला देऊन कौन्सिलला लेखी विचार आणि पोच घे. भांडायची गरज नाही. वकील व्हायला निघालेल्या बाईचा तो पहिला अर्ज समज.

आपली बार कौन्सिल म्हणजे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. तिचं कार्यालय मुंबईत, फोर्टला हायकोर्टाच्या एक्स्टेन्शन इमारतीत. साताऱ्याकडच्या माणसाला तिथे जायचं म्हणजे एक रात्र गाडीत काढायची. "मुंबईला न जाता" हे शब्द म्हणूनच खपतात. पण एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं धरलं तरी ते २५ हजारांच्या आसपासही जात नाही. ज्यांना पैसे द्यायचे त्यांना सरळ दे आणि पावती स्वतःच्या नावाची घे. दुसऱ्याच्या हाताने भरलेल्या फॉर्ममध्ये काय लिहिलं गेलं हे तुला कळणार नाही, आणि खाली सही मात्र तुझी असेल. तुझ्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. का, ते नोकरीच्या मुद्द्यावर सांगते.

कागद जमवताना बायकांची हमखास अडचण होते ती नावाची. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, एलएल.बी.च्या मार्कशीटवर सासरचं, आधारवर तिसरंच काहीतरी, कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे नवऱ्याचं. शाळा सोडल्याचा दाखला, सगळ्या मार्कशीटा, पदवी आणि आधार हे कागद ओट्यावर ओळीने मांड आणि प्रत्येकावरचं नाव अक्षरन् अक्षर वहीत उतरून काढ. फरक असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि लागल्यास राजपत्रातली नावबदलाची नोंद आधी करून घे. सनदेवर जे नाव येईल तेच पुढे वकीलपत्रावर, निकालपत्रात, परीक्षेच्या फॉर्मवर आयुष्यभर चालणार आहे. तेव्हा कोणतं नाव लावायचं हे तू ठरव. माहेरचं लावायचं असेल तर तेही चालतं, त्यात कोणाच्या परवानगीचा प्रश्न नाही.

आता रिन्यूअलचं. इथे तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे.

सनद एकदा मिळाली की ती मिळाली. ती दरवर्षी रिन्यू करावी लागत नाही. शिस्तभंगात काढून घेतली, किंवा आपणच नाव कमी करून घेतलं किंवा प्रॅक्टिस स्थगित केली, तरच तिला धक्का लागतो. यजमानांनी पाहिलेला व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतला असावा. तिकडे राज्याच्या बारला वकील दरवर्षी शुल्क देतात आणि न भरल्यास प्रॅक्टिस थांबते. कॅलिफोर्नियात तर हे शुल्क किती घ्यायचं हे तिथलं विधिमंडळ ठरवतं. १९९७ साली तिथले गव्हर्नर पीट विल्सन यांनी त्या शुल्काचं विधेयकच अडवलं आणि पुढच्या वर्षी स्टेट बारला आपले बहुतेक कर्मचारी घरी पाठवावे लागले. वकिलांविरुद्धच्या तक्रारी तुंबून राहिल्या. म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणारी संस्था पैशाशिवाय चालत नाही, हे खरंच आहे. आपल्या कौन्सिलांचं तेच म्हणणं होतं आणि त्यात तथ्य आहे. पण तो पैसा कमावत्या वकिलांकडून, दिलेल्या सेवेच्या बदल्यात घ्यावा. ज्या पोरीने अजून एक वकीलपत्रही दाखल केलेलं नाही, तिला दारात अडवून घेऊ नये. सुप्रीम कोर्टानेही कौन्सिलांना हेच सांगितलं की सगळा भार नव्या पदवीधरांवर न टाकता न्याय्य पद्धत काढा. त्यामुळे पुढेमागे एखाद्या सेवेची फी द्यावी लागली तर दचकू नकोस, ती बेकायदा असेलच असं नाही.

दुसरी गोष्ट, पाच वर्षांची. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २०१५ चे पडताळणीचे नियम आहेत. त्यांनुसार सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस, म्हणजे तू खरोखर वकिली करतेस याचा दाखला, पाच वर्षांचं असतं आणि मुदत संपण्याआधी अर्ज करून ते पुढे चालू करून घ्यायचं असतं. हेतू चांगला आहे. खोट्या पदव्यांवर कोट घालून फिरणारी माणसं आणि सनद काढून भलताच धंदा करणारी माणसं बाहेर काढायची. १० एप्रिल २०२३ ला सुप्रीम कोर्टाने या पडताळणीसाठी समिती नेमली आणि विद्यापीठांनी पदवी तपासून द्यायला फी घेऊ नये असा आदेशही दिला. तुझी पदवी खरी आहे, तुला भिण्याचं कारण नाही. एवढंच कर: पहिल्या दिवसापासून एक फाईल ठेव आणि दरवर्षी आपलं नाव असलेल्या निदान एका वकीलपत्राची नक्कल तिच्यात लाव. सीनिअरबरोबर काम करताना वकीलपत्रावर सीनिअरचंच नाव जातं आणि पाच वर्षांनी ज्युनिअरकडे दाखवायला कागद नसतो. सीनिअरला सांगून आपलं नाव खाली घालून घ्यायचं. मुली हे मागायला संकोचतात. संकोचू नकोस.

तिसरी गोष्ट, बार असोसिएशन. वडूजची, साताऱ्याची वकील संघटना आणि बार कौन्सिल या वेगळ्या संस्था आहेत. संघटनेची वर्गणी वेगळी असते, तिथल्या बार रूममध्ये बसायला आणि लायब्ररी वापरायला ती द्यावी लागते. दर ठिकाणी ती निराळी आहे, म्हणून तिथे जाऊनच विचार. त्या गृहस्थांनी "दरवर्षी" म्हटलं ते कदाचित हेच असेल. वकीलपत्रावर लावायचं वेल्फेअरचं तिकीट हे आणखी वेगळं. ते १९८१ च्या महाराष्ट्र अधिवक्ता कल्याण निधी कायद्याखालचं, आणि वकिलाच्या आजारपणात, मागे राहिलेल्या कुटुंबाला त्याच निधीचा आधार असतो.

सनद मिळाल्यावर एक परीक्षा आहे, तिचं नाव त्या गृहस्थांनी घेतलंच नाही. ऑल इंडिया बार एक्झाम. सनद आधी तात्पुरती मिळते आणि दोन वर्षांच्या आत ही परीक्षा पास व्हायची. त्या काळात प्रॅक्टिस करता येते. अलीकडच्या परीक्षांची फी ३,५०० रुपये, अनुसूचित जाती-जमातीला २,५००. म्हणजे खुद्द सनदेपेक्षा परीक्षा महाग, आणि मला हे खटकतं. पेपर १०० प्रश्नांचा, पर्यायी उत्तरांचा, पासिंग ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ४० टक्के. मराठीतून देता येते आणि टिपा नसलेले बेअर ॲक्ट, म्हणजे नुसत्या कायद्याच्या कलमांची पुस्तकं, जवळ ठेवता येतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्याबरोबरचे दोन कायदे लागू झालेत, तेव्हा जुनी आयपीसीची पुस्तकं कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नकोस.

आता नोकरी. पत्रात तू हा प्रश्न एका ओळीत उरकलास. माझ्या मते सगळ्यात मोठा खर्च इथे आहे.

पतसंस्थेत पूर्णवेळ पगारावर राहून वकिली करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला नियम ४९ सांगतो की प्रॅक्टिस करणारा वकील कोणाचाही पूर्णवेळ पगारी नोकर असता कामा नये. सनदेच्या फॉर्मबरोबर तू नोकरीत नाहीस असं लिहून द्यायचं असतं. दुसऱ्याच्या हाताने फॉर्म भरू नकोस म्हणाले ते यासाठी. "लिहून टाका, कोण बघतंय" असं सांगणारे खूप भेटतील. पतसंस्थेच्या पगारपत्रकावर तुझं नाव आहे, खात्यात पगार जमा होतो, आणि वडूज केवढं ते तुला माहीत आहे. उद्या एखादा दुखावलेला पक्षकार किंवा समोरचा वकील तक्रार करेल, आणि सनदेची सुरुवातच खोट्या प्रतिज्ञापत्राने झाली असेल तर तुझ्याकडे उत्तर नसेल. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली शिस्तभंगाची चौकशी लागते. एवढ्या कष्टाने मिळवलेली पदवी त्या एका सहीपायी घालवू नकोस.

म्हणून ७५० रुपये ही सनदेची फी झाली. किंमत मात्र तो महिन्याच्या महिन्याला येणारा पगार आहे. यजमानांशी बोलायचं ते याबद्दल बोल. त्यांची काळजी रास्त आहे, फक्त ती चुकीच्या आकड्याला चिकटली आहे. टेम्पोचं भाडं नसेल त्या महिन्यात घर कसं चालवायचं, मुलीच्या शाळेचं काय, हे कागदावर मांडा. त्यासाठी तुझ्याकडे जे साठलं असेल ते राखून ठेव. सोनं तारण ठेवायची वेळ आलीच, तर ती पहिल्या वर्षी घरात आजारपण निघालं तर यावी. सनदेसाठी नाही.

ज्युनिअरला पैसे मिळतात का? कमी मिळतात, आणि काही ठिकाणी मिळतच नाहीत. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून ग्रामीण भागात ज्युनिअरला महिना किमान १५ हजार आणि शहरात २० हजार द्यावेत असं सुचवलं. ते बंधनकारक नाही आणि आपल्या तालुक्यांत त्याच्या जवळपासही कोणी पोचत नाही. पण सीनिअर निवडताना महिन्याला काय द्याल आणि एसटीचा खर्च द्याल का, हे पहिल्याच भेटीत विचार. जो विचारल्यावर चिडेल त्याच्याकडे जाऊ नकोस. मी स्वतः ज्युनिअर ठेवते, म्हणून सांगते: ठरलेले पैसे देणारा सीनिअर कामही शिकवतो, कारण त्याला तुझ्याकडून काम हवं असतं. फुकट बसवणारा फक्त तारखा घ्यायला पाठवतो. वडूजला न राहता साताऱ्याला येणार असलीस तर पुसेगाव, कोरेगावमार्गे रोजचा प्रवास आहे. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे, तेवढाच हातभार.

आणि एका बाबतीत उशीर करू नकोस. सुप्रीम कोर्टाच्या २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट परत आली आहे, आणि ती वर्षं तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजली जातात. गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर यायलाही तीन वर्षांचा अनुभव लागतो. न्यायाधीश व्हायचं तुझ्या मनात आज नसेलही. तरी ते घड्याळ सनदेशिवाय सुरू होत नाही. पतसंस्थेत नोटीस किती दिवसांची आहे ते बघ, घरखर्चाचं ठरव आणि राजीनाम्याची एक तारीख पक्की कर. मनात घोळवत ठेवलं तर दोन-तीन वर्षं अशीच निघून जातात. हुशार मुली अशा थांबताना मी पाहिल्यात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

काळही बरा आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालंय आणि सातारा, सांगलीची अपिलं आता तिथे चालतात. अपिलासाठी मुंबई गाठायची म्हणून तालुक्याचा पक्षकार आधीच हाय खायचा, आणि तालुक्याच्या वकिलाच्या हातून प्रकरण सुटायचं. तुझ्या पिढीला वडूजचं प्रकरण कोल्हापूरपर्यंत स्वतः नेता येईल.

राहिला कोट आणि गाऊन. गाऊन लगेच शिवू नकोस. सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून खालच्या कोर्टांत तो ऐच्छिक आहे. कोल्हापूरला उभं राहायची वेळ येईल तेव्हा शिवता येईल. कोट एकच शीव, चांगल्या कापडाचा, जरा सैल. खालच्या कोर्टांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, माणदेश-खटावच्या उन्हात ते बरंच आहे. पांढरी साडी किंवा पांढरा सलवार-कमीज चालतो, गळ्याला लावायचे पांढरे बँड मात्र दोन जोड घे, कारण ते रोज धुवावे लागतात. त्या गृहस्थांना आगाऊ काही दिलं असशील तर आजच परत माग आणि मूळ मार्कशीटा त्यांच्याकडे ठेवल्या असतील तर त्या आधी ताब्यात घे. द्यायला का-कू केली तर मला पुन्हा लिही.